पाय उचलला की

मार्चचा चिखल सकाळी दगड, दुपारी खीर.
त्यात ओळीनं उभे ट्रॅक्टर, केशरी, हिरवे, निळे,
अजून कुणीच ज्यांना शिवी दिलेली नाही असे.
विक्रेता ड्वेन पेल्टियर. त्यानं आधी माझ्या मागे पाहिलं,
बरोबर कोणी पुरुष आहे का ते.
मागे माझी गाडी होती, आणि तिच्यात कुत्रा.

काम काय असतं, म्हणाला.
अर्ध्या मैलाचा खडीचा रस्ता, मी सांगितलं,
नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाखाली.
चार एकर गवत, त्यातलं एक ओढ्याकडे घसरणारं.
वादळात आडवे झालेले मेपल.
आणि दगड. दर वसंतात नवे वर येतात.
मेनच्या या टोकाला जमीन दगडच पिकवते,
आणि ते पीक आजवर कधी बुडालेलं नाही.

डावा गुडघा धातूचा आहे, हे सांगितलं नाही.
पायरी चढताना त्याला दिसलंच असेल.

शेजारचा ऑल्डन म्हणतो, गिअरचाच घे, ओडील.
तेलावर चालणारं यंत्र अर्धी ताकद तेलातच जिरवतं,
लोखंड लोखंडाला भिडलं की खोटं बोलायला जागा नाही.
ऑल्डन पन्नास वर्षं बटाटे काढतोय, खरं असेल त्याचं.
पण त्याला सरळ जायचं असतं :
एक गिअर, एक सरी, पार कॅनडाच्या झाडांपर्यंत.
माझं सगळं पुढे-मागे.
बर्फ उचल, मागे ये, वळ, टाक, परत जा.
गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी क्लच मोजत होते.
एकशे साठनंतर मोजणं सोडलं. रस्ता नाही सोडला.

घरचा जुना ट्रॅक्टर ल्युसियनचा.
त्याचा क्लच फक्त ल्युसियनचं ऐकायचा.
तो गेल्यावर एकदा ओढ्याच्या उतारावर
माझ्या हातून गिअर सुटला.
सतरा फूट. नंतर टेप लावून मोजलं.
रेमीला फोनवर सांगितलं, गवत कापून झालं.
रेमी म्हणतो, विकून टाक आई, इकडे ये,
इथे बर्फ काढायला माणूस येतो.

ड्वेननं किल्ली दिली.
उजव्या पायाखाली एकच पेडल :
बोटं दाबली की पुढे, टाच दाबली की मागे.
गिअरचा दांडा चाचपडणं नाही, खरखर नाही,
फक्त बारीक शिट्टी, किटली उकळायच्या आधीची.
मी आवारभर फिरले, पुढे, मागे, पुढे,
मग मुद्दाम पाय उचलला.
थांबला.
कुणी थांबवल्यासारखा नाही.
बोलता बोलता आपणहून गप्प झाल्यासारखा.

उतारावर असाच उभा राहील का?
ड्वेन नाक खाजवत राहिला. खोटं बोलायची ती वेळ होती.
नाही, म्हणाला. हळूहळू सरकेल.
तेल आहे शेवटी, रात्रभर कोणाला धरून ठेवत नाही.
उतरायचं तर ब्रेक लावूनच.

तिथेच माझा व्यवहार ठरला.
तेहतीस अश्वशक्तीचा मोठा दाखवत होता तो, म्हटलं पंचवीस पुरे.
माझ्या शेडचं दार सात फूट,
आणि मला शेत नांगरायचं नाही,
घरापर्यंत पोचायचं आहे.
मागच्या टायरांत बीटाचा रस भरून देतो, म्हणाला,
गोठत नाही, आणि बूड जड राहतं.
म्हटलं, त्याची माझ्याकडे कधी कमी नव्हती.
पहिल्यांदाच हसला, आणि लोडरचे दोनशे डॉलर कमी केले.

गुरुवारी ट्रॅक्टर आला. त्याच रात्री नऊ इंच बर्फ.
अंधारातच निघाले. दिव्याच्या झोतात भुसभुशीत पांढरं,
कुत्रा खिडकीत.
उचल, टाच, वळ, टाक, बोटं.
टपालपेटीपाशी पोचले तेव्हा कुठे लक्षात आलं,
डावा पाय मघापासून काहीतरी दाबतोय,
जिथे काहीच नाही तिथे,
दर वळणाला.

मी त्याला अडवलं नाही.